काकूंचं टॅली आणि आयमॅकचा कीबोर्ड : कामाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

सदाशिव पेठ, पहिला मजला, लाकडी जिना. काकू तीस वर्षं दुकानदारांचे हिशेब लिहितात आणि त्यांची विवरणपत्रं भरतात. जुना पीसी मार्चअखेरीस बसला. मुलगा परदेशी जाताना त्याचा २०१७ सालचा सत्तावीस इंची आयमॅक घरी ठेवून गेलाय, त्यात कुणीतरी बूट कॅम्पनं, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायच्या ॲपलच्याच सोयीनं, विंडोज १० टाकून दिलं. टॅली हा त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

तक्रार त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवते, कारण गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य नंतर फार कामाला येतं. "अगं, बटण दाबते एक आणि होतं भलतंच. माउस तर खालीवर सरकतच नाही. आणि आकडे मध्येच मरतात." तिसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली.

वेळ कमी आहे. जीएसटीची विवरणपत्रं भरायचीत: ११ जुलैला विक्रीचं जीएसटीआर-१, २० जुलैला कराचं ३बी.

आज काहीच बदललं नाही, फक्त तपासलं. बटण दाबल्यापासून टॅलीत अक्षर उमटेपर्यंत वाटेत पाच ठाणी आहेत: कीबोर्ड, त्याची जोडणी, ड्रायव्हर (कीबोर्डची भाषा विंडोजला समजावणारा प्रोग्रॅम), विंडोजची सेटिंग आणि शेवटी टॅली. दाबलेली की नेमकी कुठल्या ठाण्यावर हरवते हे कळेपर्यंत नवा कीबोर्ड आणायचा नाही आणि विंडोज पुन्हा टाकायचं नाही, हा माझा नियम.

मॅजिक कीबोर्ड चार्जिंगच्या केबलनं थेट जोडला. केबल लावली की तो साध्या यूएसबी कीबोर्डसारखा वागतो, ब्लूटूथचा संशय आपोआप गळतो. ऑप्शन दाबून मशीन सुरू केलं, डिस्क निवडायचा पडदा आला, बाण नीट चालले. मॅकमध्ये गेले, नोट्समध्ये सगळी बटणं एकेक करून दाबली. एकही मेलेलं नाही. म्हणजे दोष विंडोजच्या बाजूला.

विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या लपलेल्या चिन्हांत बूट कॅम्पचं चिन्हच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं. विंडोज टाकलं, पण ॲपलचे ड्रायव्हर टाकलेच नाहीत. माउसचं कोडं इथेच सुटलं. मॅजिक माउसला चाक नसतं, त्याची पाठच स्पर्श ओळखते, आणि त्या स्पर्शाचा अर्थ लावायला ॲपलचा ड्रायव्हर लागतो. तो नसला की विंडोजला दिसतो फक्त दोन बटणांचा साधा माउस. बाण फिरतो, क्लिक होतं, पान सरकत नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "नवा मॅक घेतला तर हे प्रश्न येणार नाहीत ना?" म्हटलं, उलट होईल. बूट कॅम्प २००६ साली चाचणीसाठी आलं, २००७ पासून मॅकच्या सिस्टिममध्येच मिळू लागलं, पण ते फक्त इंटेलच्या मॅकसाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आला आणि त्या वंशाच्या मशीनवर बूट कॅम्प नाही. तुमच्याकडे आहे तो कामाचा आहे, जपून वापरू.

२५ जून, मंगळवार

मॅककडून बूट कॅम्प असिस्टंट उघडलं. त्याच्या ॲक्शन मेन्यूत विंडोजचं सपोर्ट सॉफ्टवेअर उतरवायची सोय आहे. पेनड्राइव्हवर घेतलं, विंडोजमध्ये येऊन बूट कॅम्प फोल्डरमधलं सेटअप चालवलं. या कामासाठी घरून तारेचा साधा माउस नेला होता. ड्रायव्हर बदलताना ब्लूटूथ मध्येच तुटलं तर हात बांधल्यासारखे होतात.

रीस्टार्टनंतर माउसनं पान सरकायला लागलं. काकू खूश. दोन मिनिटांनी त्यांनी विक्रीची नोंद करायला एफ८ दाबलं आणि काहीच झालं नाही. एफ५ नाही, एफ९ नाही.

"काल तर ही चालत होती!" त्यांचं खरं होतं. ॲपलचा कीबोर्ड मुळात साधे एफ१ ते एफ१२ च पाठवतो. त्यांचं ब्राइटनेस, गाणं, आवाज यांत रूपांतर करतो तो ड्रायव्हर. काल ड्रायव्हरच नव्हता, म्हणून एफ-कीज बिनबोभाट चालत होत्या. आज आला आणि त्यानं एफ८ ला गाणं सुरू करायचं बटण करून टाकलं. बूट कॅम्पच्या कंट्रोल पॅनलमध्ये कीबोर्डच्या टॅबवर एफ-कीज नेहमीसारख्या वापरायची टिक आहे. ती केली, एफ८ परत आली.

टॅलीच्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. काकू या कीज वाचत नाहीत, बोटं आपली आपण जातात.

२६ जून, बुधवार

आजचा दिवस ऑल्टचा.

सकाळी फोन: "अगं, नोंद डिलीट करायला गेले तर टॅलीच गायब झालं!" गेले आणि शेजारी बसून फक्त त्यांचा डावा हात पाहिला. ऑल्ट-डी करताना काकूंचा अंगठा स्पेसबारला लागून असलेल्या बटणावर जातो. पीसीच्या कीबोर्डवर तिथे ऑल्ट असतो. मॅकच्या कीबोर्डवर तिथे कमांड असतो आणि कमांड म्हणजे विंडोजच्या लेखी विंडोज-की. विंडोज-डी म्हणजे सगळ्या खिडक्या खाली घालून डेस्कटॉप दाखवणं. टॅली गायब होत नव्हतं, खाली जाऊन बसत होतं. ऑल्ट-पी केलं की प्रोजेक्टरची पट्टी, ऑल्ट-ई केलं की फाइल एक्सप्लोरर. "भलतंच होतं" चा उलगडा झाला.

काकूंना सांगता आलं असतं की आता अंगठा एक बटण डावीकडे, ऑप्शनवर न्या, विंडोजच्या लेखी तोच ऑल्ट. पण तीस वर्षांचा अंगठा ११ जुलैच्या तोंडावर हलवायला सांगणं मला पटत नाही. मशीननं हाताकडे यावं.

आधी पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट साधनसंचातल्या कीबोर्ड मॅनेजरनं डावी विंडोज-की आणि डावा ऑल्ट यांची अदलाबदल केली. नोटपॅडमध्ये झकास. टॅलीत ढिम्म. अर्धा तास गेला. मग टॅलीच्या शॉर्टकटचे गुणधर्म उघडले: ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतंय. पॉवरटॉइज साध्या हक्कानं चालत असलं तर वरच्या हक्कानं चालणाऱ्या खिडकीतल्या कीजना ते हात लावू शकत नाही. त्यालाही वरचे हक्क देता आले असते, पण ते लॉगिननंतरच जागं होतं, आणि एखाद्या दिवशी सुरूच झालं नाही तर काकूंना कारण कळणार नाही.

म्हणून शार्पकीज, बटणांची अदलाबदल करायचं छोटं साधन. ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, कुठलं बटण कुठलं समजायचं याचा (स्कॅनकोडचा) नकाशा लिहून ठेवतं, अदलाबदल विंडोजच्या तळाशी होते, मागे कुठलाही प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही. रीस्टार्ट केलं. ऑल्ट-डी. टॅलीनं विचारलं, डिलीट करायचं का? काकूंनी माझ्याकडे बघून फक्त मान डोलावली.

नोंद: हा नकाशा मशीनला जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डला लागू होतो. उद्या कुणी पीसीचा कीबोर्ड लावला तर त्यावर ऑल्ट आणि विंडोज उलटे होतील. पडद्याच्या खाली चिठ्ठी चिकटवली. उजवीकडची जोडी मुद्दाम जशीच्या तशी ठेवली.

२८ जून, शुक्रवार

काकूंना मॅजिक माउस चपटा वाटतो, मनगट दुखतं. त्यांच्या हाताखालच्या मुलानं वायरलेस माउस आणला, डाँगलवाला, म्हणजे यूएसबीत छोटा रिसीव्हर लागणारा. तो दुपारी चारनंतर अडखळतो म्हणे. चारनंतरच का?

चार वाजता रोजचा बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क आयमॅकच्या मागे लागते. तिथे यूएसबीची चार भोकं ओळीनं, डाँगल डिस्कच्या अगदी शेजारी. डिस्क काढली, बाण तेलासारखा फिरला. लावून कॉपी सुरू केली, बाण ढेंगा टाकत चालायला लागला. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

यूएसबी ३ च्या वेगवान वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो आणि वायरलेस डाँगल, ब्लूटूथ दोघंही त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. इलाज साधा, अंतर. तापकीर गल्लीतून यूएसबीची एक्स्टेंशन केबल आणली आणि डाँगल मागून काढून टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर ठेवला. बॅकअप चालू असतानाही बाण सरळ. माउस बदलून आणायला निघालेला मुलगा थांबला.

जाता जाता: चाक उलटं फिरतं अशी त्या मुलाची कुरकुर. तो घरी मॅकवर काम करतो, त्याच्या बोटाला मॅकची दिशा हवी. रजिस्ट्रीत त्या माउसच्या नावाखाली फ्लिपफ्लॉपव्हील नावाची किंमत ० ची १ केली की दिशा उलटते. पण या मशीनवर काकू जास्त बसतात. केलं नाही.

३० जून, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. पेठांत गाडी नेणं शक्य नाही, गेलेच नाही. काकूंचा फोन मात्र आला, मागे टाळ ऐकू येत होते. "आकडे पुन्हा मेले गं. पंधरा मिनिटांनी आपोआप जिवंत झाले."

आपोआप काही होत नसतं. काकूंना एवढंच विचारलं की आकडे मरतात तेव्हा कीबोर्डवर कोण बसलेलं असतं. विचार करून म्हणाल्या, "बहुतेक हाताखालचा मुलगाच. मी बिल वाचते, तो घालतो."

२ जुलै, मंगळवार

पालख्या सकाळी निघाल्या. दुपारी काकूंकडे.

पहिला संशय फिल्टर-कीजवर. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून धरला की विंडोज ही सोय चालू करायला विचारतं, आणि ती चालू झाली की पटापट दाबलेल्या कीज गिळल्या जातात. बिल वाचताना शिफ्टवर हात टेकून राहणं सहज शक्य आहे. पण सेटिंगमध्ये ती बंदच होती. शिवाय फिल्टर-कीज अक्षरंही गिळेल, इथे अक्षरं ठीक आहेत, फक्त उजवीकडचा आकड्यांचा संच मरतो. तरी तिचा शॉर्टकट बंद करून टाकला.

दुसरा संशय ब्लूटूथवर. केबल लावूनही तसंच झाल्याचं काकूंनी सांगितलं, तोही गेला.

तासभर बसले. एकदाही बिघडलं नाही. हे सगळ्यात वाईट, कारण मी बसलेली असले की मुलगा जपून काम करतो.

४ जुलै, गुरुवार

वीज नाही दुपारपर्यंत. काम नाही.

५ जुलै, शुक्रवार

सापडलं.

आज पडद्याकडे पाहिलंच नाही. ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडून ठेवला आणि मुलाच्या उजव्या हाताच्या मागे खुर्ची टाकली. काकू वाचत होत्या, "चार हजार आठशे पंचवीस." त्यानं घातले ४८५२. चूक त्याला लगेच दिसली. त्याचं बोट वर गेलं, ७ च्या वरच्या बटणाकडे. त्यावर लिहिलंय क्लिअर. दाबलं. आकडा पुसला गेला नाही, म्हणून बॅकस्पेसनं पुसला. मग पुन्हा ४, ८. आणि कर्सर उडून वरच्या रकान्यात.

टेबलावर त्याचा कॅल्क्युलेटर असतो. चुकलं की सी, पुन्हा आकडा. ती सवय बोटात आहे, आणि कीबोर्डवर बोटाला क्लिअर लिहिलेलं दिसतं. पण विंडोज त्या बटणाला ओळखतं नम लॉक म्हणून. नम लॉक बंद झाला की ८ म्हणजे वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ७ होम, १ एंड. टॅलीत वरचा बाण मागच्या रकान्यात नेतो, म्हणून आकडा "मरून" कर्सर पळायचा. पीसीच्या कीबोर्डवर नम लॉकचा दिवा तरी असतो. इथे दिवाच नाही. पुढच्या चुकीला तो पुन्हा क्लिअर दाबायचा आणि आकडे "आपोआप जिवंत" व्हायचे. दिवसाला किती चुका झाल्या, सम की विषम, त्यावर काकूंची संध्याकाळ ठरत होती.

मुलगा ओशाळला. "ताई, माझंच चुकत होतं." त्याला स्पष्ट सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. बटणावर लिहिलंय एक आणि ते करतं दुसरं, तू लिहिलेलं वाचलंस.

खात्री करायला टॉगल-कीज चालू केल्या. नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबला की विंडोज टुंग वाजवतं. पुढच्या वीस मिनिटांत चार वेळा वाजलं. काकू प्रत्येक टुंगला मान वर करून पाहत होत्या.

मग कायमचा बंदोबस्त. यात क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून नीट लिहिते. नम लॉकचं बटण आधी मारलं आणि विंडोज नम लॉक बंद ठेवून सुरू झालं, तर उजवीकडचे आकडे कायमचे जातील. काकू पिनही उजव्या संचावरूनच घालतात, लॉगिनलाच घोळ झाला असता. म्हणून आधी रजिस्ट्रीत डिफॉल्ट युजरच्या कीबोर्ड विभागात सुरुवातीच्या इंडिकेटरची किंमत २१४७४८३६५० केली आणि फास्ट स्टार्टअप (मशीन अर्धवट बंद करून लवकर सुरू करायची विंडोजची सोय) बंद केलं. तीन वेळा पूर्ण बंद करून सुरू केलं, तिन्ही वेळा पिन उजव्या संचावरून लागला. मगच शार्पकीजमध्ये नम लॉक कायमचा बंद केला. आता क्लिअर दाबलं तर काहीच होत नाही.

मुलाला सांगितलं, चुकलं की बॅकस्पेस. तो म्हणाला, तसंही शेवटी तेच करतो.

८ जुलै, सोमवार

याच मुलाचा घरचा लॅपटॉप, कोथरूड. २०२० चा इंटेल मॅकबुक एअर, त्यात पॅरलल्सच्या (मॅकच्या आतच विंडोज चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) खिडकीत विंडोज. इथे चित्र निराळं आहे. आयमॅकवर विंडोज एकटं राज्य करतं, इथे वर मॅक बसलेला असतो आणि प्रत्येक की आधी त्याच्या हातातून जाते.

एफ८ दाबलं की म्युझिक उघडतं. मॅकच्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये फंक्शन कीजचं खातं आहे, तिथे एफ-कीज नेहमीसारख्या केल्या. मग एफ११ अडलं: टॅलीच्या फीचर्सऐवजी सगळ्या खिडक्या बाजूला होऊन मॅकचा डेस्कटॉप. ती मॅकचीच ठरलेली की आहे, मिशन कंट्रोलच्या यादीतून तिची टिक काढली.

मराठी-इंग्रजी बदलायला तो कमांड-स्पेस दाबायचा आणि मॅकची शोधपट्टी, स्पॉटलाइट, पुढे यायची. त्याला डावा ऑप्शन-शिफ्ट दाखवला, विंडोजचा जुना ऑल्ट-शिफ्ट, मॅक त्याच्या आड येत नाही. गिऱ्हाइकांना मराठी पत्रं तोच इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ठरलेल्या कीबोर्ड-मांडणीत, लिहितो. शिफ्ट-एन ळ, शिफ्ट-जे ऱ, सगळं जागच्या जागी. एकदा मराठी केलं की टॅलीतही मराठी उमटायचं, म्हणून प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी ठेवायची टिक विंडोजमध्ये केली.

माउस खिडकीत अडकून बाहेर येत नव्हता. पॅरलल्समध्ये माउस खेळांसाठी लावून ठेवला होता. बदललं.

ऑल्ट-कमांडची अदलाबदल इथे केली नाही. त्यानं नकोच म्हटलं. त्याचा अंगठा मॅकवर शिकलाय, ऑप्शनलाच जातो.

११ जुलै, गुरुवार

रात्री साडेआठला काकूंचा मेसेज: सगळ्यांचे जीएसटीआर-१ गेले. खाली दुसरा: रुपयाचं चिन्ह कसं काढायचं?

भाषा इंग्रजी (भारत) करून कंट्रोल, ऑल्ट आणि ४. डाव्या हाताला ऑल्ट आता स्पेसबारच्या शेजारी आहे हे लक्षात ठेवून.

२० जुलै, शनिवार

३बी भरून झाले. काकूंकडे शेवटची फेरी, थालीपीठ.

मशीन सुरू केलं, पिन, टॅली, एफ८, ऑल्ट-डी, आकड्यांची एक ओळ, बॅकअप चालू ठेवून माउस. सगळं ठीक. रजिस्ट्रीतला बदल आणि शार्पकीजचा नकाशा पेनड्राइव्हवर फाइल करून काकूंच्या कपाटात ठेवला, वर कागदावर तारीख.

शिल्लक काम एकच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. या आयमॅकचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत तो नाही. काकूंना सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात टॅलीसाठी छोटा पीसी घेऊ. पडदा, टेबल, खुर्ची हीच राहतील. त्यांनी विचारलं, "आणि कीबोर्ड?" पीसीचाच घेऊ म्हटलं, ऑल्ट स्पेसबारशेजारी असलेला, नम लॉकला दिवा असलेला. त्यांनी वहीत लिहून घेतलं.